शिकणारा आधी, अभ्यास मागून



आमच्या गावच्या मतनासमध्ये आपल्या समाजातील मंडळींसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा संध्याकाळचा वर्ग सुरू व्हायचा आहे. इथे इस्राएलात ज्याला सगळे नुसते 'क्यू.ए.' म्हणतात, तेच हे काम. जागा २४ आणि फी नाही. नाव विचारून गेलेल्यांत कारखाना बंद पडल्याने घरी बसलेले गृहस्थ आहेत, मुले मोठी झाल्यावर पुन्हा काही शिकू पाहणाऱ्या बायका आहेत आणि सैन्यातून सुटून पुढे काय करावे या विचारात असलेली दोन-चार पोरेही आहेत.

वर्ग ठरला आणि पाठोपाठ एका कॉलेजातील संशोधक बाईंचे पत्र आले. या वर्गावर आम्हांला अभ्यास करू द्याल का? १२ जणांना एका पद्धतीने शिकवायचे, १२ जणांना दुसऱ्या, आणि मग कोणाला जास्त येते ते मोजायचे. मतनासने हा प्रश्न आम्हां पाच जणांच्या समितीकडे सोपवला. आमच्यात दोघे टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले, एक गणिताच्या शिक्षिका, एक नर्स आणि एक आपल्या सिनेगॉगचे गबाई. गेले चार महिने आम्ही या एकाच कागदावर बसलो आहोत.

"चार महिने? कशाला हो? रक्त काढायचे नाही, औषध द्यायचे नाही, नुसती परीक्षा तर घ्यायची!" असे आम्हांला भाजीबाजारात, बसस्टॉपवर, शबातच्या किद्दूशला पुष्कळांनी विचारले. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देणे जमले नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी, असा अभ्यास हवाच कशाला ते सांगतो. टेस्टिंग शिकवणे वाटते तितके सोपे नाही. ग्लेनफर्ड मायर्स या अमेरिकन लेखकाचे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' हे पुस्तक १९७९ साली निघाले. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी वाचकाची एक छोटी परीक्षा घेतली आहे. प्रोग्राम एवढाच: तीन आकडे घ्यायचे, त्या त्रिकोणाच्या बाजू समजायच्या आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगायचे. आता हा प्रोग्राम तपासायला तुम्ही कोणते आकडे घालाल? ३, ४, ५ कोणीही घालतो. पण १, २, ३ घातले तर त्रिकोण होतच नाही, नुसती रेघ होते, हे किती जणांना सुचेल? शून्य घातले तर? उणे आकडा घातला तर? तीनाऐवजी दोनच आकडे दिले तर? मायर्स यांनी असे १४ प्रश्न दिले आणि लिहिले की चांगले मुरलेले प्रोग्रामरसुद्धा सरासरीने त्यांतले ७.८ च पकडतात. आम्ही समितीत हे करून पाहिले, तेव्हा ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही त्या गबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "आणि आकड्याच्या जागी कोणी आपले नावच लिहिले तर?" आमचे दोन्ही निवृत्त टेस्टर एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

म्हणजे हे कसब थोडे स्वभावात असते, थोडे शिकवता येते. किती आणि कसे, यावर वाद आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक केम केनर, ज्यांनी मानसशास्त्र आणि कायदा असे दोन्ही विषय शिकलेले, त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीबरोबर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की सरावात केली त्या धर्तीची उदाहरणे शिकणारे छान सोडवतात, पण नवाच प्रोग्राम समोर ठेवला की शिकलेले तिथे लावणे त्यांना जड जाते. नोकरीत तर रोज नवाच प्रोग्राम समोर येतो. आपल्या ५० वर्षांच्या भगिनीला सर्टिफिकेट मिळाले आणि मुलाखतीत हात थरथरले, तर त्या सर्टिफिकेटचा उपयोग काय? म्हणून कोणती पद्धत खरी उपयोगी पडते हे शोधलेच पाहिजे. अभ्यास नको, असे आमच्यापैकी एकाचेही म्हणणे नव्हते. प्रश्न होता तो कसा करायचा याचा.

माणसांवर अभ्यास करताना त्यांना विचारावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट जगाला फार महाग पडून कळली. छावण्यांत आपल्या लोकांच्या आणि इतरांच्या देहांवर ज्या नाझी डॉक्टरांनी प्रयोग केले, त्यांच्या न्यूरेंबर्गच्या खटल्याचा निकाल १९४७ साली लागला. त्या निकालात दहा नियम लिहिले गेले आणि त्यांत पहिला नियम संमतीचा. तरीही अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याचा एक अभ्यास १९३२ पासून १९७२ पर्यंत चालूच राहिला. गरमीचा आजार झालेल्या सुमारे ४०० काळ्या पुरुषांना नुसते बघत राहिले. पेनिसिलिनसारखे औषध हाताशी आल्यावरही त्यांना ते दिले नाही, आणि खरे काय चालले आहे तेही सांगितले नाही. त्यावर गदारोळ झाल्यानंतर १९७९ साली बेलमाँट अहवाल आला. त्याची तीन तत्त्वे कोणालाही समजतील: माणसाचा मान राखा, त्याचे भले बघा आणि नुकसान टाळा, आणि फायदा-तोशीस न्यायाने वाटा.

इथल्या हॉस्पिटलात ज्यांनी कधी संशोधनाच्या फॉर्मवर सही केली असेल, त्यांना 'हेलसिंकी समिती' हा शब्द माहीत असेल. तो १९६४ सालच्या जून महिन्यातल्या हेलसिंकी जाहीरनाम्यावरून आला.

१९६४ हे साल आपल्याला मात्र दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढल्या, की बेने इस्राएल माणसाचे लग्न इतर यहुदी माणसाशी लावण्याआधी त्याची आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या वडीलधाऱ्यांनी येरुशलाईमला धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये खास बैठक भरवून क्नेसेतने सांगितले की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. ती काही संशोधनाची गोष्ट नव्हती, हे आम्हांला समजते. पण तपासले जाणे म्हणजे काय, आपल्याला न विचारता आपला कागद कोणाच्या तरी टेबलावर फिरणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत अजून आठवते. आमच्या गबाईंच्या आईने लग्नासाठी आपल्या आजीच्या गावची नावे कुलाबा जिल्ह्यापासून सांगितली होती.

दुसरी आठवण अलीकडची. २००२ साली बेने इस्राएलांच्या डी.एन.ए.च्या तपासणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. लंडनचे ट्यूडर पारफिट यांचा तो अभ्यास होता, आणि पुढे २००६ मध्ये अशा बातम्यांचा लोकांच्या ओळखीवर काय परिणाम होतो यावर त्यांनी आणि युलिया येगोरोवा यांनी पुस्तकही लिहिले. निकाल आपल्याला अनुकूल होता, म्हणून पुष्कळांना आनंद झाला. पण उलट आला असता तर? नमुना थोड्यांनी दिला, निकाल मात्र सगळ्यांच्या कपाळी लागला असता. सही एकाची असते, शिक्का समाजावर बसतो. हे लक्षात ठेवूनच आम्ही आमच्या कामाला बसलो.

आता आमच्या कागदाचे. आम्ही ठरवले, की टेस्टर प्रोग्रामला जसे छळतो तसे या योजनेला छळायचे. सगळे सुरळीत झाले तर काय, हे प्रत्येकजण सांगतो. आपण विचारायचे, वाकडे झाले तर काय?

पहिला प्रश्न सहीचा. फुकट वर्ग, त्यात नोकरीची आशा, आणि समोर फॉर्म. कोण नाही म्हणेल? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्यात सही मागणारे जर शिकवणारे सरच असतील, तर विद्यार्थी त्यांचे तोंड बघून सही करणार. म्हणून आम्ही असे ठरवले: सही सर मागणार नाहीत, आमच्या नर्सबाई घेतील. कोणी होकार दिला आणि कोणी नकार दिला, हे सरांना आणि संशोधक बाईंना सर्टिफिकेट वाटून होईपर्यंत कळणार नाही. फॉर्म मराठीत आणि हिब्रूत, मोठ्या अक्षरांत, दोन पानांचा. तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि घरी न्यायला द्यायचा. एक शबात त्यावरून जाऊ द्या, मुलांना-सुनांना विचारा, मग सही करा.

एका मावशींनी तर नाव नोंदवतानाच सांगितले, "मी शिकेन मन लावून, पण मला मोजू नका. साठ वर्षे लोक मोजतायत." आम्ही योजनेची खरी परीक्षा या मावशींवरच घेतली. त्या वर्गात बसल्या, सगळ्यांबरोबर त्याच परीक्षा दिल्या, त्यांना तेच सर्टिफिकेट मिळाले, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईलाही कळले नाही की यांनी सही केलेली नाही, असे होते का? पहिल्या मसुद्यात होत नव्हते. सही न देणाऱ्यांना मोजणीच्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवायचे असे त्यात होते. म्हणजे सगळ्या गावाला कळले! आता परीक्षा सगळे देतील, आणि शेवटी नर्सबाई फक्त होकार असलेल्यांचे कागद नावे काढून कॉलेजकडे देतील.

दुसरा प्रश्न दोन गटांचा. एका गटाला आधी रीत शिकवायची, म्हणजे सारख्या वागणाऱ्या आकड्यांचे गट कसे करावेत, सीमेवरचे आकडे का तपासावेत, आणि मग उदाहरणे द्यायची. दुसऱ्या गटापुढे पहिल्या संध्याकाळीच प्रोग्राम ठेवायचा, "यात काय बिघडलंय शोधा" म्हणायचे, आणि सापडल्यावर रीतीचे नाव सांगायचे. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून. पण एक पद्धत खरोखरच कच्ची निघाली तर त्या १२ जणांनी काय पाप केले? म्हणून वर्ग १४ आठवड्यांचा केला. सहा आठवडे झाले की मोजणी, मग दोन्ही गटांना पुढचे सहा आठवडे दुसऱ्या पद्धतीने, आणि शेवटचे दोन उजळणीचे. कोणी काही गमावणार नाही, फार तर थोडे उशिरा मिळेल.

तिसरा प्रश्न फुकटच्या मजुरीचा. सरावासाठी एका कंपनीने आपला बाजारात न आलेला प्रोग्राम देऊ केला होता. शिकणाऱ्यांनी बग शोधायचे, कंपनीने ते दुरुस्त करायचे. आमचे निवृत्त टेस्टर हसले. म्हणाले, "याच कामाचा आम्ही पगार घेत होतो." म्हणून आता सराव लिब्रेऑफिसवर होईल. तो कोणालाही मोफत मिळतो, कोणा एका धन्याचा नाही, आणि सापडलेला बग कोणीही उघडपणे कळवू शकतो. शिवाय आपल्या माणसांना तिथे एक देणगीच आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत लिहा, मध्ये तारीख घाला, आणि कर्सर कुठे उडी मारतो, कंस कोणत्या बाजूला वळतो ते बघा. दोन्ही लिप्या घरात वापरणारा माणूस हे चटकन तपासू शकतो.

चौथा प्रश्न गुप्ततेचा, आणि इथे आम्ही सगळ्यांत जास्त अडकलो. मोठ्या शहरात नाव काढले की माणूस हरवतो. आपल्या गावात नाव काढून काय होणार? "स्त्री, वय ५८, पूर्वी कापड गिरणीत" एवढे छापले तरी अर्धी गल्ली सांगेल कोण ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून वय, पूर्वीचे काम, आल्याचे साल, असे काहीही एकेका माणसासमोर छापायचे नाही. निबंधात गावाचे नाव नाही आणि 'भारतातून आलेले' असा उल्लेखही नाही. दुसऱ्या कोणत्या समाजाशी तुलना तर मुळीच नाही. संशोधक बाईंना हे आधी पटेना. कोणावर अभ्यास केला ते सांगितल्याशिवाय निबंध अपुरा दिसतो, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूने ते खरेही आहे. आम्ही म्हटले, उद्या कोणी लिहिले की या लोकांना कमी गुण पडले, तर ते आमच्या नातवंडांच्या मुलाखतीत आमच्याआधी जाऊन बसेल. शेवटी 'प्रौढ शिकणारे, एका लहान गावातील' यावर तडजोड झाली. नावे आणि नंबर जुळवणारी यादी नर्सबाईंच्या कुलपात राहील आणि निकाल लागल्यावर फाडली जाईल. ती फाडेपर्यंत कोणालाही आपले कागद परत मागता येतील, नंतर कोणता कागद कोणाचा हे आम्हांलाही कळणार नाही, हेही फॉर्मवर लिहिले आहे. खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा इस्राएलात १९८१ पासून आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून तो आणखी कडक झाला. पण कायद्याच्या भीतीने आम्ही हे केले नाही. रम्बाम यांनी सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही फार वरची पायरी. आणि त्याच्याही वर एकच, माणसाला आपल्या पायांवर उभे करणे. आम्हांला या दोन्ही पायऱ्या एकाच जिन्यात हव्या होत्या.

पाचवा प्रश्न कडू आहे. त्याच कंपनीने मतनासला सहा कॉम्प्युटर द्यायचे कबूल केले होते. नंतर त्यांनी कळवले, की बदल्यात परीक्षेत वर आलेल्या पाच जणांची नावे आणि गुण द्या, आम्ही त्यांना मुलाखतीला बोलावू. समितीत त्या रात्री आवाज चढले. एक टेस्टर म्हणाले, "अहो, नोकरी दारात आली आहे, तुम्ही दार कशाला लावता?" नर्सबाई म्हणाल्या, "मग ती परीक्षा राहिली कुठे? ती मुलाखत झाली. पहिल्या पाचांत नसलेल्या १९ जणांची नावे न सांगताच सांगितली गेली. आणि अभ्यासासाठी दिलेला कागद नोकरीसाठी वापरणार, हे त्यांना कोणी विचारले?" दोन तास झाले. शेवटी ठरले, की ज्याला हवे त्याने आपले गुण आपल्या हाताने कोणत्याही कंपनीला न्यावेत, आम्ही मदत करू, पत्र लिहून देऊ. पण यादी समितीकडून जाणार नाही. कंपनीने कॉम्प्युटर दिले नाहीत. आता मतनासचे सहाच आहेत, एका वेळी १२ जण, म्हणजे एकावर दोघे. दोन्ही गटांत सारखेच, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही, पण हात कमी चालणार हे खरे.

एका मुलाचे वडील आम्हांला रस्त्यात अडवून म्हणाले, "तुमच्या नीतीपायी माझ्या पोराची मुलाखत गेली." त्यांना पटेल असे उत्तर आमच्यापाशी आजही नाही. त्यांचा पोरगा कदाचित पहिल्या पाचांत आलाही असता. आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा प्यालो, कंपन्यांना अर्ज कसा करायचा ते मुलाला दाखवून आलो. एवढेच करता आले.

शेवटचा प्रश्न गणिताच्या बाईंनी काढला. १२ आणि १२ माणसांवरून सिद्ध काय होणार? फरक खूप मोठा असेल तरच दिसेल, लहान असेल तर योगायोगात बुडेल. ज्या अभ्यासातून उत्तरच निघणार नाही, त्यासाठी दमूनभागून आलेल्या माणसांच्या संध्याकाळी घेणे हाही अन्यायच. म्हणून फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिले आहे, की ही लहान चाचणी आहे, हिच्यावरून कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरणार नाही, पुढचा मोठा अभ्यास कसा करावा एवढे कळेल. नोकरीची हमी नाही, हे दुसऱ्या ओळीत. हे वाचून कोणी सही दिली नाही तर न देवो.

कॉलेजच्या नीती समितीने योजना मंजूर केली आहे. त्यांचा शिक्का हवाच होता. पण मावशींच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसते ते कॉलेजला काय माहीत? ते आपल्यालाच बघावे लागते.

वर्ग, इथल्या प्रत्येक कामाप्रमाणे, 'अखारे हा-हगीम', म्हणजे सण आटोपल्यावर सुरू होईल. नावे मतनासच्या ऑफिसात द्यावीत. शिकायला सही लागत नाही, पुन्हा सांगतो, लागत नाही. त्याआधी एका संध्याकाळी आम्ही तो दोन पानी फॉर्म सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहोत. वर्गाला येणार नसाल तरी या. आमच्या कागदात बग सापडला तर उभे राहून सांगा. चहा आणि चिवडा आमच्याकडून.